पटावर बावीस

पराडकर बाईंची नेमणूक गणिताची.
पेटी त्यांची स्वतःची,
वेंगुर्ल्याहून एस.टी.च्या टपावरून आलेली.
खाऱ्या हवेत काळी दोन दाबली
की वर यायचं विसरायची.
बाई चमच्याच्या दांड्याने तिला उचलायच्या
आणि गाणं पुढे चालू.

मला सूर नव्हता.
खारवाडीत हे सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून.
प्रार्थनेला तोंड उघडलं
की मेस्त्रींची दोन्ही पोरं वळून बघायची.
बाईंनी मला ओळीतून काढलं नाही.
पेटीशेजारी बसवलं:
"तुका सूर नाय गावलो, ऱ्हवांदे.
तू मोज."

चार बोटं, बोटाला तीन पेरं आणि एक टोक.
सोळा मात्रा. मग पुन्हा सम.
मी जेवताना मोजायचो,
आईचे मासे कापतानाचे घाव मोजायचो,
शिडावर बसलेल्या बगळ्याचं उडणं
खालीवर येतं का ते बघायचो.

सहावीत होतो, तेव्हा जीपमधून साहेब आले.
पट विसाच्या खाली. शाळा बंद.
पोरं खाडीपलीकडे पाठवा.
बाईंनी आधी कोकम सरबत दिलं.
"साहेब, साकव भरतीला बुडतो.
तुमच्या वेळापत्रकात भरती आहे का?"
साहेबांनी ग्लास रिकामा केला, फाईल मिटली.
उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी बाई मला म्हणाल्या, मोज.
सतरा.

दुसऱ्या दिवशी त्या सडा चढल्या,
तापलेल्या कातळावर वहाणेचा अंगठा तुटला
तर वहाणा हातात घेऊन.
कलमांच्या बागांतून, राखणीच्या खोपींतून,
जिथे नेपाळहून आलेली माणसं
आमच्या आंब्यांना रात्रभर जागत होती
आणि त्यांची पोरं दिवसभर माकडांना.
बागायतदार बापू हसला, "बाई, ही आज हायत, उद्या नाय."
बाई म्हणाल्या, "आजचा पाढा आज होईल."

बंदरावर लिलाव थांबवून सह्या घेतल्या,
अंगठे घेतले.
त्या अर्जावर सुरमईचे खवले चिकटले होते.
जिल्हा परिषदेच्या कुठल्यातरी कपाटात
ते अजून चमकत असतील.

पाच पोरं आली.
सगळ्यात शेवटी दिलमाया, भावाचा सदरा घालून.
तिला मराठी येत नव्हतं.
बाईंनी काळी दोन दाबली, पट्टी अडकली,
सूर कितीतरी वेळ तसाच वाजत राहिला
आणि दिलमाया त्या सुराच्या आत शिरली,
घरात शिरावं तशी, न विचारता.
फळ्यावर मी लिहिलं: बावीस.
दुसरा दोन जरा वाकडा आला.

आता मी होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो.
ठोका चुकला की धक्क्यावरूनच कळतं.
लोक म्हणतात हातात जादू आहे.
जादू कसली, मोजतो.

काल शाळेत शोकसभा झाली.
सरपंच बाईंचं नाव दोनदा चुकले.
कुणीतरी पेटी पुसून टेबलावर ठेवली होती,
बंद, वर झेंडूचा हार.
मग दोन मिनिटं शांतता.
माझी बोटं आपोआप चालू झाली.
सात आवर्तनं, वर आठ मात्रा,
आणि अध्यक्ष म्हणाले, बसा.
खुर्च्या वाजल्या.

खालीवर कसं बसायचं?

मी उभा राहिलो.
नऊ. दहा.
मेस्त्रींचा थोरला माझी बाही ओढत होता.
अकरा.
मागे दाराशी आणखी एक बाई उभी होती,
कडेवर पोर, ओठ मिटलेले,
अंगठा करंगळीच्या पेरावर.
मी ओळखलं.