आधी बैल

पुण्याच्या कंपनीचा निरोप:
ई-मेलची राखण कशी करतो ते सोपं लिहा,
कुणालाही कळेल असं.
चौथा खर्डा खोडून
मी जिनिंगच्या फाटकाशी चहाला गेले.

डोमाजी सळई घेऊन उभा.
गाडी आली. चिठ्ठीवर नाव, सही, सगळं
वायगावच्या भोयरांचं.
त्यानं चिठ्ठी नुसती धरली हातात,
पाहिले बैल.
"नाव भोयराचं सांगते,
पन हे बैल त्याचे नोहेत."
मग सळई कापसात, पार कोपरापर्यंत.
बाहेर काढून अंगठा फिरवला: ओली.
"उबी कर भायेर."
मागच्या दोन गाड्या सरळ आत.

घरी येऊन लिहिलं:
आम्ही पाठवणाऱ्याचं नाव वाचतो,
पण आधी बैल पाहतो.

पुण्याहून उत्तर आलं:
छान. फक्त बैल काढा.

मी अजून सोडलेले नाहीत.