कोपरापर्यंत पिसं

गंगावेशीत बागवान चिकन सेंटरसमोर
रविवारी सकाळी अकरावा नंबर माझा.
आत ड्रम फिरतोय रबरी बोटांचा,
गरम पाण्याची वाफ, ओली पिसं
भिंतीवर, पंख्यावर, कॅलेंडरातल्या तारखांवर.
तौसिफ सुटे द्यायला हात पुढे करतो
आणि मला दिसतं
मनगटापासून कोपरापर्यंत
चिकटलेलं पांढरं.
पन्नासची नोट तीन बोटांत.

एकतीस वर्षं मी हेच काढत आलो, फळ्यावर, खडूनं.
पोरं म्हणायची, सर, कोंबडी बिघडली.

बिघडलीच होती.
आधी नुसता पोकळ केस, केरसुणीच्या हिरासारखा.
उडायला कशाला? गारठा लागायचा म्हणून.
मग हिराला फाटे, फाट्यांना फाटे,
आणि त्यांना बारीक आकडे,
ब्लाउजच्या हुकांसारखे एकमेकांत बसणारे.
सुटले तर चोचीनं लावायचे.
चोच नव्हती तेव्हा, बहुतेक, दातांनी.

रंगसुद्धा आभाळासाठी आला नाही.
शेपटीवर तांबूस पट्टे, एक आड एक,
आणि पिसांचे हात फाकून उभं राहायचं.
तालमीत नवा पठ्ठ्या मांडीवर थाप मारतो ना,
बघ माझ्याकडं,
नाहीतर सरक मागं,
तसा तो निव्वळ शड्डू.
लाखो लाखो वर्षं नुसता शड्डू,
आणि पाय जमिनीवर.

'मग सर, उडालं कसं?'
तौसिफ सुरी थांबवून विचारतो.
मागून कुणी ओरडतं,
'ओ सर, शिकवणी घरात घ्या की! जावई आल्यात आमचं.'

कसं सांगू? मलाही नक्की ठाऊक नाही.
कुणी म्हणतं, झाडावरून सुटलं, तरंगलं, मग जमलं.
मला वाघबिळाचा चढ आठवतो.
तित्तराची पिल्लं, मूठभर, पंख कसले, तुटक्या फण्या,
त्या हलवत उभ्या दरडीवर पळत सुटली होती.
उडत नव्हती.
पाय घसरू नये म्हणून हवेला धरत होती.

हाड मात्र इथं सापडायचं नाही, तौसिफ.
अंबाबाईच्या देवळाचा दगड,
तुझ्या दुकानाची ही पायरी,
हा सगळा काळा पत्थर
ते संपत आले त्या सुमारास
तापून वाहत होता.
मोठाले गेले.
राहिले ते हलके, दाणे टिपणारे, पिसांत मान खुपसून झोपणारे.
'त्यातलंच हे?' तो तराजूकडं बघतो.
एक किलो दोनशे ग्रॅम.
त्यातलंच.
तो काटा जरा हळू ठेवतो, एवढंच.
बाराव्या नंबराला हाक मारतो.

संध्याकाळी पंचगंगेच्या घाटावर गेलो.
पाण्यात उभ्या देवळांच्या शिखरांवरून
पोरं उड्या टाकत होती.
त्यातलं एक कडेला आलं, थबकलं,
दोन्ही हात लांब केले,
मांडीवर एक थाप, आणि सुटलं.
आपल्या भाषेत उडी आणि उडणं
एकाच घरातले.
इतकं जवळ राहून
त्यांना एकमेकांकडं पोचायला किती वेळ लागला असेल.
पाणी फुटलं. डोकं वर आलं, काळं, हसणारं.
तौसिफ होता का? लांबून ओळखू आलं नाही.
चष्माही घरी राहिला होता.

रात्री सदरा काढताना
कोपराच्या घडीत एक पीस.
वाळलेलं, त्याचे हुक सुटलेले.
बोटानं मुळापासून टोकापर्यंत एकदा ओढलं
आणि ते पुन्हा सरळ झालं.
आतून हाक आली, पांढरा रस्सा गार होतोय.
आलोच म्हटलं, आणि
अजून एकदा ओढलं.