एप्रिलचा बर्फ

यूसोनं विचारलं होतं रात्री दोन वाजता,
पांघरुणाखालून, एका अंगठ्यानं :
"एप्रिलमध्ये तळं ओलांडणं सुरक्षित का असतं"

"सुरक्षित असतं का" नव्हे.
"सुरक्षित का असतं".
एवढासा "का", जरा अलीकडे सरकलेला,
आणि यंत्र बिचारं
री ओढायला तयारच.

ईसाल्मीच्या शाळेत मी ग्रंथालय सांभाळते.
शुक्रवारी शेवटच्या तासाला नववीची मुलं येतात,
ओले मोजे हीटरवर वाळत टाकतात.
या खेपेला म्हटलं, आठवडाभर काय काय शोधलंत
ते हातानं उतरवून काढा.
कुणाला दाखवू नका. मलाही नको.

पिहला लिहिता लिहिता हसली,
मग हसायची थांबली.
म्हणाली, एकच गोष्ट अकरा वेळा विचारलीये मी,
शब्द फिरवून फिरवून,
मनासारखं येईपर्यंत.
कोणती, ते तिनं सांगितलं नाही.

यूसोनं मात्र वही माझ्यापुढं सरकवली.
पोरोवेसीच्या पलीकडं त्याचा मित्र राहतो;
रस्त्यानं नऊ किलोमीटर, बर्फावरून दोन.
उत्तर अर्ध्या सेकंदात आलं होतं :
पाच सेंटिमीटर पुरे, माणूस चालू शकतो.
खोटं नव्हतं ते.
जानेवारीचं होतं,
काळ्याशार, कडक, कोवळ्या बर्फाबद्दलचं.
तळाशी तसं लिहिलंही होतं,
अंगठा तिथवर पोचला नव्हता.

मी उपदेश करणार होते,
पण घंटा झाली.

शनिवारी काठावर भेटलो.
टाउनो तिथं जाळी गुंडाळत होता,
मोसम संपला म्हणून.
यूसोनं पट्टी आत घालून मोजलं, ओरडला : चाळीस!
टाउनो काही बोलला नाही. पहार उचलली,
एक घाव.
सगळी जाडी उभ्या सुयांसारखी सुटी झाली,
किणकिणत पाण्यात उतरली.
"जाडी विचारलीस," तो म्हणाला,
"वय विचारायचं राहिलं."
यूसो बराच वेळ त्या भोकाकडं बघत बसला.
मग खिशातून फोन काढला,
आणि न उघडता परत ठेवला.

मलाही उतरवून काढायला हवं होतं,
ते मी रविवारी रात्री केलं.
पाककृती, बसची वेळ, जुन्या शेजारणीचं नाव,
आणि मंगळवारी, पहाटे तीन :
"काखेतली गाठ साधीच का असते"

सहा पानं वाचली होती त्या रात्री.
पहिल्या दोन पानांना मी लगेच मिटवलं होतं,
ती माझ्या बाजूनं बोलत नव्हती.

सोमवारी आरोग्यकेंद्राला फोन लावला.
रांगेत तुम्ही सातव्या आहात, आवाज म्हणाला.
थांबले.
समोरच्या कागदावर पेन्सिलीनं
तो "का" खोडला,
आणि उचलून
वाक्याच्या शेवटी ठेवला.