उलटं अक्षर

मंगळवारी आणि शुक्रवारी, वाऱ्यानं होकार दिला तर,
मी ओतिलियाबाईंना अलाओ बेटावर नेतो.
अकरा वर्षं झाली. भाडं नगरपालिका देते,
कधी वेळेवर, बहुतेकदा नाही.

बाईंची पिशवी जड.
पहिल्या वर्षी वाटलं, पुस्तकं असतील.
पुस्तकं नव्हती. वाळूचा ट्रे, शिंपले,
पॉलिशपेपरची कापलेली अक्षरं, लोकरीचे गुंडे,
एक हातआरसा, आणि पाव,
कारण त्या म्हणतात, उपाशी पोटात अक्षर थांबत नाही.

बेटावरच्या शाळेत सतरा पोरं.
त्यातली चार "बाईंची".
सगळे असंच म्हणतात, बाईंची,
बटाट्याची पोती वेगळी काढून
खडूनं खूण करावी तसं.

एलिसेओ वेन्तेओ त्या चारांतला.
नऊ वर्षांचा. भरती कधी फिरणार
ते पाण्याकडे न बघता सांगतो,
नुसत्या वासावरून.
पण फळ्यापुढे उभा केला की ओलं लाकूड.
धूरच धूर, जाळ नाही.
हेडमास्तर म्हणाले, आळशी आहे.
बाप म्हणाला, माझ्यावर गेलाय,
आणि टोपी हातात फिरवत राहिला.
बाई काहीच बोलल्या नाहीत.
धक्क्यावर येऊन माझ्याकडे दोरी मागितली.

"किती लांब?"
"वर्गभर एक अक्षर होईल एवढी."

मी बोट बांधायची दोरी दिली,
शेवाळाचा वास असलेली.
खिडकीतून बघू नये, पण बाहेर पाऊस तिरका होता
आणि आत चूल पेटलेली.
पोरगं अनवाणी, डोळे मिटून
दोरीवरून चाललं होतं.
आधी पोट, मग काठी. आधी पोट, मग काठी.
बाई मागे, हात त्याच्या दोन्ही बाजूंना उघडे,
न लावलेले.

एका अक्षराला तीन आठवडे.
तेवढ्यात मी अर्धी होडी उभी करतो,
असं मनात आलं, आणि लाजही वाटली.
सिप्रेसची फळी वाकवताना
मी तासन् तास वाफ धरून बसतो,
तिला कुणी आळशी म्हणत नाही.

नोव्हेंबरात तो त्यांना सोडायला धक्क्यावर आला.
माझ्या बोटीपुढे थबकला.
नाव तिला माझ्या आईचं: क्लोदोमिरा.
दर वसंतात मी स्वतः रंगवतो,
पांढऱ्यावर निळं, एक रेघ न हलवता.
त्यानं बोट टेकवलं, एकेका अक्षरावर,
आणि मध्येच खळखळून हसला.
"काका, तुमचं पोट पण उलटीकडे!"

क्लोबोमिरा.
अकरा वर्षं माझी आई
क्लोबोमिरा होऊन या खाडीत फिरत होती.
बंदरातल्या सगळ्यांनी वाचली असेल.
मी बाईंकडे पाहिलं.
बाई पिशवीची गाठ सोडून परत बांधत होत्या.

अर्ध्या वाटेवर मी इंजिन बंद केलं.
"तुम्ही रोज त्या अक्षरासमोर उभ्या राहून चढता."
"हो."
"मग सांगितलं का नाही?"
एक समुद्रपक्षी खाली आला, रिकामाच वर गेला.
"तुम्ही मला नेत होतात," त्या म्हणाल्या,
"आणि मी वाट बघत होते."
"कशाची?"
त्यांनी पायाशी पडलेल्या वेटोळ्याकडे पाहिलं.
"दोरी तर तुमच्याकडेच असते."

अजून नाव बदललेलं नाही.
रंगाचा डबा उघडून, पुन्हा मिटून ठेवलाय.
रात्री शेडचं दार लावतो, कंदील खाली ठेवतो,
बूट काढतो, मोजे काढतो,
एकसष्टाव्या वर्षी.
भुश्यावर दोरी अंथरतो,
पोरानं दाखवली तशी.
आधी पोट.
पोट जमतं.
काठीकडे वळताना पाय घसरतो,
आणि मी पुन्हा सुरुवातीला येऊन उभा राहतो.