समासातली पेन्सिल

सहा हजार पुस्तकं घेऊन आमची बोट
वर्षातून दोनदा या बेटाला लागते.
नॉर्वेचा नकाशा नीट उलगडला नाही
तर घडीत हरवून जाईल, एवढंसं बेट.
धक्क्यावर जेमतेम चाळीस माणसं,
हातात मागच्या खेपेची पुस्तकं,
मासळीच्या वासाची, कधी एखाद्या खवल्यासकट.

काय आवडतं, असं मी विचारत नाही.
विचारलं की माणसं लाजतात,
नाहीतर शहाण्यासारखं काहीतरी सांगतात.
मी हात बघते, बूट बघते,
घरी कोण आजारी होतं ते आठवते
आणि पुस्तक पुढे सरकवते.

गुनवोरचा नवरा भांडून
दुसऱ्या प्रार्थनाघरात जाऊ लागला,
ती पहिल्यातच राहिली.
तिला दिला धर्मपंथांच्या फाटाफुटीचा इतिहास.
म्हटलं, सातवं प्रकरण आधी वाच:
गाव एक, देव एक, घंटा दोन,
आणि दोन्ही वेळेवर वाजत नाहीत.
ती हसली. मग हळूच म्हणाली,
'त्याच्यासाठीही एक प्रत आहे का?'
नव्हती. एकाच प्रतीवर भागवा म्हटलं.

एलिफ चौदा वर्षांचा. सिनेमे पाहिलेत एकूण तीन,
तेही शाळेच्या भिंतीवर चादर लावून.
त्याला दिलं कॅमेरा धरणाऱ्या माणसांवरचं जाडजूड पुस्तक,
त्यात उजेड कुठून येतो, याचीच दोनशे पानं.
'पण यातला एकही सिनेमा मी पाहिलेला नाही.'
अरे, म्हणून तर.
आधी मनात पाहा. पुढे कधी खरा पाहिलास
की ठरव, कुणाचा बरा होता.

ओडवारला मात्र कादंबरी चालत नाही.
'रचलेलं नको,' म्हणतो, 'घडलेलं दे.'
बावीस वर्षं देतेय.
दीपगृह सांभाळणाऱ्या बाईचं चरित्र,
मिठाचा इतिहास, हेरिंगचा, प्लेगचा,
एका बिशपचं चरित्र, ज्यात
बिशपपेक्षा त्याचा घोडा शहाणा.
सगळी परत येतात ती समासात पेन्सिल घेऊन:
'त्या दिवशी वारा वायव्येचा होता.'
'ही गाठ अशी मारत नाहीत.'
'घोड्याबद्दल अजून हवं होतं.'
नियमाने मी ते खोडायला हवं.
मी ती पुस्तकं पुढच्या बेटावर सगळ्यात आधी सुचवते.

मग एकदा ते पुस्तक आलं.
युद्धाच्या वर्षांचं, याच किनाऱ्याचं.
पान एकशे त्र्याऐंशी:
रात्री समुद्रापार निसटणारी होडी, आत अकरा जण,
आणि जर्मनांना खबर देणारा धक्क्यावरचा माणूस.
नाव छापलंय. पूर्ण.
ओडवारच्या बापाचं.

तीन खेपा मी ते टेबलाखाली ठेवलं,
वर माझे लोकरीचे मोजे.
त्याला पक्ष्यांवरचं एक दिलं.
'पक्षी?' म्हणाला. तरी घेतलं.
बावीस वर्षं ज्याला खरं तेच दिलं
त्याच्यापासून खरं लपवायला
मोज्यांचा एक जोड पुरतो.

चौथ्या खेपेला तो टेबलाशी वाकून म्हणाला,
'मोजे काढ.'

वसंतात पुस्तक परत आलं.
बेट धुक्यात जाईपर्यंत मी ते उघडलं नाही.
मग उघडलं. पानामागून पान, समास कोरे.
वारा, गाठी, तारखा, कशालाच हरकत नाही.
एकशे त्र्याऐंशीवर
बापाच्या नावाला बोटही लावलेलं नाही.
फक्त 'अकरा'खाली रेघ,
आणि बाजूला, कागद फाटेल इतकी पेन्सिल दाबून:
'बारा. मारित राहिली.
माझ्या बाकावर बसायची.'

पुढच्या बेटावर एका बाईने विचारलं,
घडलेलं असं काही आहे का?
आहे म्हटलं.
समाससुद्धा वाचा.