सत्तेचाळीस

'डांबर'चा नवा अल्बम शुक्रवारी आला
आणि शनिवारी सकाळी, तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर
रोशन हेडाऊनं चमचा माझ्यावर रोखला,
"गाणं कुठं हाय बे यात?"
जसं काही मीच लपवून ठेवलंय.

बँड सोडून मला सात वर्षं झाली.
आता मी वीज ऑफिसात मीटरच्या तक्रारी घेतो.
पण लोकांच्या हिशेबी मी अजून डांबरवालाच,
बिल कमी करा म्हणतात
आणि जाता जाता, ती बर्डीवाली म्हणून दाखवा ना भौ.

ती बर्डीवाली.
तीन कॉर्ड, चार कडवी,
गॅदरिंगला पोट्टे बाकांवर चढायचे.

यात कडवंच नाही.
पहिला ट्रॅक एकोणीस मिनिटांचा,
ड्रम्स येतात सातव्या मिनिटाला
तेही उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखे,
चपला हातात घेऊन.
रोशनचा राग खरा आहे. त्यानं यांची गिटार
दोनदा फुकटात जोडून दिली होती.
"याच्यासाठी फ्रेट घासले का मी?"

किमया ठवकर मेडिकलला रात्रपाळी करते.
म्हणाली, चार वाजता वॉर्ड निजल्यावर
एका कानात लावला,
तिसऱ्यात ते टिक् टिक् आहे ना,
मला वाटलं अकरा नंबरचा मॉनिटर.
धावत गेले. पेशंट घोरत होता.
मग, आवडला की नाही?
"माहीत नाही. परत पहिल्यापासून लावला."

इतवारीचे वामनराव डोईफोडे,
वरातीत क्लॅरिनेट फुंकून फुंकून
ओठांना घट्टे पडलेला माणूस,
मोबाइल उलटा धरून ऐकत राहिले.
"हा पोट्टा श्वास सोडतच नाही.
घेते अन् धरून ठेवते.
मी असं केलं असतं
तर नवरदेव घोड्यावरून उतरून घरी गेला असता."
मग त्यांनी पान जुळवलं, चुना लावला,
अर्धं खाऊन झाल्यावर,
"पण धरला चांगला आहे."

मोमिनपुऱ्याच्या अल्ताफचं म्हणणं,
पाचवा ट्रॅक म्हणजे डायमंड क्रॉसिंग,
मालगाडी, अठ्ठावन्न डबे, मी मोजले.
रोशन म्हणे, गिटार आहे बे ती, बहिऱ्या.
सावजी मटणाची पैज लागली
आणि दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

प्रद्युम्नच्या आईचा फोन आला रात्री.
"त्याचं काही बिनसलं का रे?
गातो गातो अन् शब्दच येत नाही तोंडातून."
काकू, ते मुद्दाम आहे.
"मुद्दाम कोणी असं रडते का?"
नेटवर्क नाही, असं सांगून मी फोन ठेवला.

मी स्वतः ऐकलाच नव्हता तोवर.

रविवारी दुपारी, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं,
कूलरमध्ये दोन बादल्या ओतल्या
आणि पडल्या पडल्या शेवटचा ट्रॅक लावला.
नुसती घरघर.
वाटलं आपलाच कूलर. उठून बंद केला.
घरघर चालूच.

खामल्याची ती पत्र्याची खोली.
तिथल्या कूलरची मोटर मी लाल वायरनं बांधली होती
तरी चौथ्या फेरीला अडखळायची.
अडखळते अजून.
आणि अकराव्या मिनिटाला, कूलरच्या मागून कुठूनतरी
कोणीतरी खोकतं.
दोनदा. मग एक सॉरी, बारीकसं,
जे माझ्याशिवाय कुणाला ऐकू येणार नाही.

कापता आला असता तो.
एका बोटाचं काम.

घाम गळत होता उशीवर
पण मी कूलर सुरू केला नाही संपेपर्यंत.

सोमवारी ठेल्यावर रोशन पुन्हा तेच,
"ऐकला का? आता सांग, गाणं कुठं हाय?"
तर्री जरा जास्त टाकजो, मी ठेलेवाल्याला म्हटलं.
मग अल्ताफकडे वळलो.
अठ्ठावन्न नाही रे, एकोणसाठ.
गार्डचा डबा तू मोजलाच नाहीस.