सकाळची पाळी

पहिल्यांदा वाटलं, बोरम्याचाच ताव आहे.
काजूच्या कारखान्यात कुणाला उकडत नाही?
गर ट्रेमध्ये पसरता पसरता
छातीतून काहीतरी पेटत वर आलं,
मानेवरून कानांत शिरलं
आणि दोन मिनिटांत निघूनही गेलं,
मीटर बघायला आलेल्या माणसासारखं,
दार उघडंच टाकून.
फिलू म्हणाली, पंख्याखाली बस.

मग ते घरीही यायला लागलं.
पौषात, पहाटे चारला,
बाबल होडीवर गेलेला, अंगणात दव,
आणि माझी उशी ओली.
पोर म्हणालं, आई, तू रडलीस?
नाही रे.
खांदे रडले असतील.

आमच्या भिंतीवर एकच कॅलेंडर.
त्याच्या उधाणांच्या खुणा निळ्या,
माझ्या लाल, बारीक, कोपऱ्यात.
त्याचं काही चुकत नव्हतं. अवस, पुनव, अष्टमीची भांग.
माझा एप्रिल कोरा. जून कोरा.
ऑगस्टात एक ठिपका, तोही दीड दिवसाचा.
कांडी आणून बघितली दोनदा,
वेंगुर्ल्यातून नाही, कुडाळहून,
ओळखीचं कुणी भेटायला नको.
एकच रेघ.
एकदा बरं वाटलं. एकदा नाही.

सदतीस वर्षं.
सुपरवायझर विचारतो, तुझी पाळी कुठली?
सकाळची, मी म्हणते,
आणि बाया हसतात, मीही हसते,
आणि हसता हसता हातातला गर तुटतो.
तुकडा.
तुकड्याचा भाव वेगळा.

जाऊ म्हणाली, सुटलंस गो,
आता जत्रेक जाताना तारीख बघूक नको.
ती वाईट बाई नाही.

मेस्त्री डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं,
झोप कशी लागते?
मला वाटलं होतं, नवऱ्याचं विचारतील.
थायरॉइड बघितलं, हार्मोनचं रक्त बघितलं,
पाच आठवड्यांनी परत तेच.
एका आकड्यावर ठरवायचं नसतं, म्हणाल्या.
दुसरा आकडाही पहिल्याच्याच गावचा निघाला.
दुसरं मूल? मी विचारलं.
क्वचित होतं. त्या भरवशावर थांबू नका.
नको असेल तर त्याही भरवशावर राहू नका.

घरात कुणाचं असं लवकर गेलं होतं का?

शेवंती आते कोकमाची सालं उन्हात उलटीपालटी करत होती.
मान वर न करता म्हणाली,
"माझां तेतिसाक बंद झालां.
कोणाक सांगूक नाय."
आणि एक साल उचलून दुसऱ्या उन्हात ठेवलं.
तिच्या पाठीचा बाक मी लहानपणापासून बघते.
मला वाटायचं, विहिरीमुळे.

ओहोटी म्हणू नका कुणी याला.
ओहोटीला परतायची वेळ असते,
बाबलकडे ती लिहिलेली आहे.
माझ्याकडे गोळ्यांचं पाकीट आहे,
पन्नाशीपर्यंत चालेल असं,
त्याआधी गाठी, गुठळ्या, रक्तदाब सगळं विचारून दिलेलं.
नाचणी आहे, सुकट आहे,
कारखान्याची चढण आता रिक्षाने नाही, पायी.
उशी अजून भिजते कधीकधी.
चिडते मी, पोरावर, कुकरवर,
मग कळतं कशामुळे, आणि कळल्याने
निम्मं उतरतं. निम्मं राहतं.

बाबलला सांगितलं तेव्हा तो जाळं सांधत होता.
एक गाठ मारली, सोडली, परत मारली.
बराच वेळ.
मग म्हणाला, हाडांचा फोटो बांबोळीलाच काढतात ना?
बस सहाची आहे.

दोन तिकिटं, मी म्हटलं.

आते खिडकीशी बसली, जत्रेचं लुगडं नेसून,
पदराच्या गाठीत पैसे.
कंडक्टरने विचारलं, कुठे आजी?
"बांबोळी," ती म्हणाली,
"हाडां मोजूक.
माझी नि हिची,"
पार मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल
अशा आवाजात.